आठ फुटी वाणीकिडा आणि हौसाबाईचं तोंड

आधी एक गोष्ट साफ सांगतो, म्हणजे पुढचं वाचायला बरं. ते सुळे मी बसवलेले नाहीत. लोणावळ्याच्या एका रिसॉर्टच्या बागेत तुम्ही तो भला मोठा किडा पाहिला असेल, लाल डोळ्यांचा, तोंडातून हातभर सुळे बाहेर आलेला. त्याचं अंग माझं आहे, पाय माझे आहेत. सुळे आणि ते लाल दिवे माझे नाहीत. तळेगावात लोक मला अजून रस्त्यात गाठतात आणि म्हणतात, तांबोळी मिस्त्री, काय भयानक जनावर केलंय हो! कौतुकानं म्हणतात बिचारे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मी फायबरचे पुतळे आणि प्राणी करतो. वराळ्याला पत्र्याची शेड आहे. तीस वर्षं झाली, आता शेड मुलगा बघतो आणि मी त्याच्या चुका बघतो. धंदा सोपा नाही, पण सांगायला सोपा आहे. आधी सळयांचा सांगाडा करायचा, त्यावर माती थापून जनावर घडवायचं. त्यावर प्लास्टरचा साचा घ्यायचा. माती काढून टाकायची आणि साच्यात काचेच्या धाग्यांची चटई आणि रेझिन असे थर चढवायचे. वाळलं की साचा फोडायचा, आतून पोकळ पण टणक जनावर बाहेर येतं. मग घासाई, पुट्टी, परत घासाई आणि शेवटी रंग. लोकांना वाटतं सगळी कला मातीत आहे. असेल. पण आमच्याकडे चार दिवस माती असते आणि पंधरा दिवस घासाई. घासाई बिघडली तर वाघाचा रेडा होतो.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. एका सोसायटीनं गेटसाठी दोन जिराफ मागवले. जिराफ पोचले आणि मग त्यांनी कमान बांधली, ती ठेंगणी झाली. मला म्हणाले, माना दोन-दोन फूट कापून परत जोडा. मी म्हणालो, कमान उंच करा. ते म्हणाले, कमानीचं बिल पास झालंय. जोडल्या माना. आज तिथं ठिपक्यांचे दोन घोडे उभे आहेत आणि लहान पोरं त्यांना जिराफ म्हणतात. एका फार्महाऊसवाल्याला वाघ हवा होता, पण हसरा. सासूबाई घाबरतात म्हणे. तोही दिला. अशा वेळी मी शेडमध्ये सगळ्यांना एकच सांगायचो, माल गेटाबाहेर गेला की आपला नाही. फार शहाणपणाचं वाटायचं मला ते वाक्य.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या आधी त्या रिसॉर्टचे मालक शेडवर आले. डायनोसॉर सगळ्यांकडे झालेत, म्हणाले, मला काहीतरी नवीन द्या. मोबाइलवर एक चित्र दाखवलं. पुरातन काळातला एक किडा, माणसापेक्षा लांब. म्हणजे आपला वाणीच. पावसाळ्यात भिंतीवर, मोरीत, चपलेत निघतो तो. हात लावला की गोल वेटोळं करतो, म्हणून कुणी त्याला पैसा म्हणतं. बोटाएवढा वाणी सगळ्यांनी पाहिलाय, हा आठ फुटांचा. मी हो म्हणालो. नंतर लक्षात आलं, आपल्याला त्यातलं काही म्हणजे काही माहीत नाही.

मग मी देशमाने सरांकडे गेलो. सर तळेगावात कॉलेजला प्राणिशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त आहेत. माझ्या प्रत्येक जनावरात चुका काढणं हा त्यांचा आवडता उद्योग, म्हणून मीच त्यांना आधी विचारतो. सरांनी दोन दुपारी मला समोर बसवून सांगितलं. हा प्राणी डायनोसॉरच्याही कितीतरी आधीचा. तेव्हा फुलं नव्हती, पक्षी नव्हते, दलदलीत नुसती नेच्यांची आणि विचित्र झाडांची जंगलं. त्याचे अवशेष युरोप-अमेरिकेकडे सापडतात, तेही बहुतेक टाकलेल्या कातीचे तुकडे. डोकं तर अगदी आत्ताआत्ता सापडलं, तेही पिल्लाचं, आणि त्याचे डोळे खेकड्यासारखे देठावर. सुळेबिळे काही सापडलेले नाहीत. बहुतेक पडलेला पालापाचोळा खाऊन जगायचा.

मी विचारलं, मग एवढा वाढला कशानं? सर म्हणाले, वर्षानुवर्षं आम्ही पोरांना एकच उत्तर शिकवलं, की तेव्हा हवेत प्राणवायू जास्त होता. वाण्याला फुप्फुसं नसतात. अंगाच्या कडेला बारीक भोकं असतात, तिथून हवा नळ्यांतून आत झिरपते. अंग मोठं झालं की ती आतपर्यंत पोचत नाही. हवाच सकस असेल तर पोचते. उत्तर चांगलं होतं. पण पुढे एक भला मोठा तुकडा सापडला, तो प्राणवायू वाढायच्या आधीच्या काळातला निघाला. म्हणजे नुसत्या हवेवर भागत नाही. खायला मुबलक असणार, आणि एवढ्या मोठ्या अंगावर धावून येणारं त्या काळी जमिनीवर कुणी नसणार. नक्की कुणालाच माहीत नाही, असं सर अगदी आनंदानं म्हणाले. मला ते फार आवडलं. आमच्या धंद्यात माहीत नाही म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

घरी येताना हायवेवरून डोंगराकडे बघितलं आणि मनात आलं, हे काय वेगळं आहे? पाच वर्षांपूर्वी जिथं चार खोल्यांचं लॉज होतं तिथं आज डोंगर कापून सात मजले चढलेत. खायला मुबलक आणि अंगावर धावून येणारं कुणी नाही. त्याला प्राणवायू लागत नाही.

असो. काम सुरू झालं. अंगाच्या चकत्या मी स्वतः केल्या, पाय पोरांनी केले आणि पहिल्याच दिवशी घोटाळा केला. एकेका चकतीला पायांची एकेक जोडी. अरे, ती गोम झाली! वाण्याला दोन-दोन जोड्या. शिवाय सगळे पाय एका रेषेत, कंगव्यासारखे. तेव्हा हौसाबाईनं हातातलं पॉलिश पेपरचं काम खाली ठेवलं. हौसाबाई माझ्याकडे घासाईला. डोंगरातल्या वरच्या ठाकरवाडीची, पन्नाशीची बाई, बारा वर्षं माझ्या शेडवर. दुसऱ्या दिवशी ती सागाच्या वाळक्या पानात जिवंत वाणी घेऊन आली. उन्हाळ्यात कुठून शोधला कोण जाणे. टेबलावर सोडला आणि म्हणाली, बघा आता. त्याचे पाय लाटेनं चालतात. मागून लाट उठते आणि पुढं जाते. आम्ही सगळे दिवसभर तो किडा बघत बसलो आणि सगळे पाय नव्यानं केले. हौसाबाई तो किडा सुपात घेऊन गेली आणि मागच्या नाल्यात सोडून आली. आमच्यात मारत न्हाईत, म्हणाली.

आता मुद्द्यावर येतो. अशा जनावरांशेजारी आम्ही माणसाचा एक पुतळा उभा करतो. लोकांना आकार कळावा म्हणून, बाकी काही नाही. त्या काळी माणूस नव्हता, हे सरांनी मला तीनदा बजावलं होतं, म्हणून पाटीवर तसं लिहायचंही ठरलं होतं. एरवी आम्ही पुतळ्याचं तोंड मनानं करतो. ह्या वेळी मी ठरवलं की पायांची लाट जिनं दाखवली, तिचंच तोंड लावायचं. मान म्हणून. जिवंत माणसाच्या तोंडाचा साचा घ्यायची पद्धत अशी, की भुवयांना तेल लावायचं, दाताचे डॉक्टर वापरतात तो मऊ माल चेहऱ्यावर थापायचा, नाकपुड्या तेवढ्या मोकळ्या ठेवायच्या, वरून प्लास्टरच्या पट्ट्या. वीस मिनिटं माणसानं डोळे मिटून गप पडायचं. हसायचं नाही, शिंकायचं नाही. उतरतं मात्र हुबेहूब, हौसाबाईच्या कपाळावरच्या देवीच्या व्रणांसकट.

माझे अब्बा मोहरमचे ताबूत करायचे, कागदाचं नक्षीकाम त्यांच्यासारखं मावळात कुणी करत नसे. मी पुतळ्यांच्या धंद्यात पडलो ते त्यांना कधीच पटलं नाही. ज्यात जीव घालता येत नाही त्याला तोंड देऊ नये, म्हणायचे. मी त्यांना जुन्या मतांचे समजायचो.

मी हौसाबाईला विचारलं. ती आधी लाजली, मग दोन दिवसांनी हो म्हणाली. पण एक अट घातली.

"तोंड घ्या माझं," ती म्हणाली. "पर मला भ्यालेली करू नगा. मी वाण्याला भीत न्हाई."

मी शब्द दिला. पुतळा उभा केला तो नऊवारीतला, कमरेवर टोपली, मान जरा वाकडी करून किड्याकडे बघणारा. दारात निघालेल्या वाण्याकडे बघतात तसा. माझ्या तीस वर्षांत एवढं चांगलं काम मी केलेलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. एप्रिलमध्ये टेम्पो भरला. सरांनी पाटीचा मजकूर लिहून दिला, दहा ओळींचा, किडा का वाढला असावा आणि का नक्की माहीत नाही, असा. माल गेटाबाहेर गेला.

हौसाबाईच्या लेकीचं त्याच उन्हाळ्यात लग्न झालं, सासर नवलाख उंबरे गावचं. जावई कारखान्यात. हौसाबाईनं विहिणीला सांगितलं होतं, लोणावळ्याला माझा पुतळा बसवलाय. कुठल्या ठाकरवाडीतल्या बाईचा पुतळा बसतो हो? विहिणीला खरं वाटेना. तेव्हा रिसॉर्टकडून मला मिळालेले पास मी दिले आणि जूनच्या सुरुवातीला माझ्याच गाडीतून सगळ्यांना घेऊन गेलो. लेक, जावई, विहीण आणि पुढच्या सीटवर नवं लुगडं नेसलेली हौसाबाई.

पुतळा उभा नव्हता. आडवा होता. कमरेपासून कापून, पाय वेगळे वाकवून, किड्याच्या तोंडाखाली पाठीवर टाकला होता. नऊवारी घासून काढली होती आणि कमरेला प्लॅस्टिकच्या पानांचा घागरा. अंगाला डांबरासारखा काळा रंग. टोपली गायब, तिथं हातात भाला. किड्याला सुळे लावले होते आणि एक सुळा तिच्या गळ्यात रुतवून वर लाल रंग ओतला होता. तोंड मात्र तसंच ठेवलं होतं. इतकं हुबेहूब तोंड फुकट मिळालं तर कोण टाकतं! पाटीवर लिहिलं होतं, सह्याद्रीतला नरभक्षक किडा आणि त्याची आदिवासी शिकार. अहो, तो किडा होता तेव्हा हा सह्याद्रीच नव्हता! लाव्हा ओतून हे डोंगर व्हायला अजून युगं जायची होती. पण हे मला नंतर सुचलं. त्या वेळी एक मुलगी त्या पुतळ्याशेजारी आडवी पडून, जीभ बाहेर काढून फोटो काढून घेत होती आणि हौसाबाई ते बघत होती.

जावई म्हणाला, चला, भजी खाऊ. परतीच्या वाटेवर, कामशेतच्या जवळपास, विहीण बाहेर बघत हळूच म्हणाली की पोटासाठी बाईमाणसाला काय काय करावं लागतं. टोमणा नव्हता तो. कीव होती. तिला वाटलं, हौसाबाई पैशासाठी असा पुतळा करून घ्यायला तयार झाली असणार. दुसऱ्या दिवसापासून हौसाबाई कामाला आली नाही.

मी मालकांकडे गेलो. एसीत बसवलं, चहा दिला. मी म्हणालो, हे काय केलंत? ते म्हणाले, पाला खाणारा किडा बघायला कोण येणार तांबोळी, लोकांना थरार पाहिजे. मी म्हणालो, निदान तोंड काढा, ती माझ्या शेडवरची बाई आहे, तिला शब्द दिलाय. त्यावर ते मनापासून हसले.

"अहो, तिला इथं ओळखतंय कोण?" ते म्हणाले. आणि मग वर, माल गेटाबाहेर गेला, आता तो आमचा.

माझंच वाक्य माझ्या थोबाडीत. तिथंच टेबल उलटं करायला हवं होतं, आणि मी काय केलं? चहा संपवला. त्यांच्या दुसऱ्या बागेचं काम माझ्याकडे यायचं होतं. मूग गिळून खाली उतरलो. मालकाचा राग येतो तो येतोच, पण ह्या लेखात ज्याच्यावर सगळ्यात जास्त राग आहे तो हाच, चहा संपवणारा माणूस. वकिलाला विचारलं, तो म्हणाला कागद कुठाय? कागद नव्हता. हौसाबाईनं तोंड दिलं ते माझ्या तोंडी शब्दावर.

दोन महिने तसेच गेले. शेवटी लाज वाटून मी नवलाख उंबऱ्याला विहिणीच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. मी केलेली हौसाबाई उभी होती, टोपली घेऊन, भ्यालेली नव्हती. ज्यांनी कापली त्यांनी विचारलं नाही, आणि तिचं तोंड दुसऱ्याच्या ताब्यात दिलं ही चूक माझी. लेक दाराआड उभी राहून ऐकत होती. विहिणीनं शांतपणे ऐकून घेतलं, पाण्याचा तांब्या पुढं केला आणि विचारलं, "मग ते तोंड अजून तितंच हाय ना?"

मी हो म्हणालो.

आमच्या धंद्यात एक रिवाज आहे. पहिला पावसाळा गेला की करणाऱ्यानं एकदा जाऊन माल दुरुस्त करून द्यायचा. लोणावळ्याचा पाऊस रंग धुऊन नेतो, जोड फुटतात. ऑक्टोबरात रिसॉर्टच्या मॅनेजरचा फोन आला, मिस्त्री, किड्याचा रंग उडालाय, येऊन करून द्या. मी म्हणालो, येतो. माझ्या मनात काय आहे ते मुलानं ओळखलं, म्हणाला, अब्बा, जाऊ नका, पुढचं काम जाईल. मी म्हणालो, जाऊ दे.

वाडीवर गेलो. हौसाबाई अंगणात नाचणी पाखडत होती. मी उभ्या उभ्या सांगितलं की दुरुस्तीला जातोय आणि ते तोंड घासून काढतोय. तिनं सूप खाली ठेवलं.

"तुमी कशाला?" ती म्हणाली. "घासाई माझं काम हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं गेलो. मी आधी तो पानांचा घागरा तोडून फेकला. हौसाबाईनं डोक्याला फडकं बांधलं, तोंडावर मास्क, डोळ्यांना चष्मा आणि ग्राइंडरला जाड पेपर लावला. शेडमध्ये बसते तशीच मांडी घालून बसली, ते डोकं मांडीला टेकवून घेतलं आणि कपाळापासून सुरुवात केली. देवीचे व्रण गेले. भुवया गेल्या. नाकाशी तिनं पेपर बदलला, कारण नाक जाड असतं आणि घाई केली तर खाली भोक पडतं. बारा वर्षांची सवय, तिथंही काम नीटच केलं. लोक बघत होते. कुणीतरी मोबाइल काढला, मी त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो. पाऊण तासात तिथं पांढरं गुळगुळीत अंडं राहिलं. तिनं फडक्यानं भुकटी झटकली.

मी म्हणालो, आता सुळे कापतो. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. त्ये माझं न्हाईत, त्यांचंच हायत."

तेवढ्यात मॅनेजर धावत आला. तरुण माणूस, नोकरी सांभाळणारा, त्याच्यावर माझा राग नाही. मिस्त्री, हे काय, तोंड कुठं गेलं? मी म्हणालो, पावसानं खराब झालं होतं. तो म्हणाला, मग नवं कधी लावताय? शनिवारी गर्दी असते, साहेब मला फाडून खातील.

"साहेबांना वराळ्याला पाठवा," मी म्हणालो. "वीस मिनिटं डोळे मिटून पडायचं. तोंड हुबेहूब उतरवून देतो आणि इथं लावतो."

त्याला वाटलं मी थट्टा करतोय. तो हसायला लागला. हौसाबाईनं मास्क खाली ओढला. घामानं आणि भुकटीनं तिचं तोंड पांढरंफटक झालं होतं.

"हसताय काय सायेब," ती म्हणाली. "खरंच सांगत्यात त्ये. सायबाला म्हणावं, दुखत न्हाई. म्या क्येलंय."

पुढचं काम गेलं, जायचंच होतं. हौसाबाई सोमवारपासून शेडवर परत आली. त्या बागेत तो पुतळा अजून तोंडाशिवायच पडलाय, असं ऐकतो. वर्ष होत आलं. मालक काही वराळ्याला आलेले नाहीत.